फेज ९०, स्मॉल स्टोन की पीएच-३? आधी गिटार कुठे हरवते ते बघू

नमस्कार. मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही कळव्याला राहता. स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) धाटणीची इलेक्ट्रिक गिटार, २० वॉटचा अ‍ॅम्प आणि एक ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका, दाट करणारं पेडल) एवढं सामान आहे. गणपतीत आणि सोसायटीच्या कार्यक्रमांत जुनी मराठी-हिंदी गाणी वाजवता, शिवाय मित्रांबरोबर रॉक. मित्राचा फेझर, म्हणजे गिटारचा आवाज फिरता करणारं पेडल, उसना आणलात, घरी तो ऐकून अंगावर काटा आला; पण तालमीत ड्रम आणि बास सुरू झाल्यावर आपली गिटार कुठे गेली तेच कळेना. आता स्वतःचा एकच फेझर घ्यायचाय आणि एमएक्सआरचा फेज ९०, इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा स्मॉल स्टोन आणि बॉसचा पीएच-३ या तिघांत अडकला आहात.

मी वाशीत १९ वर्षं गिटार शिकवते आणि पेडलं दुरुस्त करते. हे तिन्ही फेझर माझ्या टेबलावर कितीदा तरी उघडले गेलेत आणि त्याहून जास्त वेळा मी ते स्टेजवर ऐकलेत. तुम्ही विचारलंत की तिघांत चांगला कुठला. मला वाटतं, त्याआधी घरी आवडलेला आवाज तालमीत का हरवला ते शोधायला हवं. ते कळलं नाही तर तिघांपैकी कुठलाही घ्या, महिन्याभरात तीच तक्रार परत येईल.

फेझरच्या आत काय चालतं ते आधी सांगते. गिटारचा सिग्नल आत शिरला की त्याच्या दोन वाटा होतात. एक वाट सरळ बाहेर जाते. दुसरी ऑल-पास फिल्टरच्या साखळीतून जाते. हा फिल्टर कुठलीच फ्रिक्वेन्सी लहान-मोठी करत नाही. तो फक्त तिची फेज, म्हणजे लाटेच्या चढ-उताराची वेळ, सरकवतो, आणि प्रत्येक फ्रिक्वेन्सीची वेगवेगळी. शेवटी दोन्ही वाटा पुन्हा एकत्र येतात. ज्या फ्रिक्वेन्सीला दुसरी वाट पहिलीच्या बरोबर उलट झालेली असते, तिथे दोघी एकमेकींना खोडून टाकतात आणि आवाजात एक खाच पडते. तिला नॉच म्हणतात. मग एलएफओ नावाचा संथ ऑसिलेटर ही खाच वर-खाली फिरवत राहतो. आपल्याला जो फिरता, श्वास घेतल्यासारखा आवाज येतो तो या खाचेचा. फेझर आवाजातून काहीतरी काढून घेतो, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

साखळीतल्या एकेका फिल्टरला स्टेज म्हणतात. दोन स्टेज मिळून एक खाच पडते. एमएक्सआरच्या फेज ४५ मध्ये दोन स्टेज आहेत, म्हणजे एक खाच. फेज ९० आणि स्मॉल स्टोन चार स्टेजचे, म्हणजे दोन खाचा. सहा स्टेजचा असेल तर तीन. चारही स्टेज सारख्या असतील तर त्या दोन खाचांमधलं अंतर गणितानंच ठरतं: वरची खाच खालच्या खाचेच्या साधारण ५.८ पट फ्रिक्वेन्सीवर पडते. खालची ३०० हर्ट्झवर आली की वरची १७५० च्या आसपास.

आता हे आकडे तुमच्या गिटारवर ठेवून बघा. सहावी मोकळी तार ८२ हर्ट्झची, पहिली मोकळी तार ३३० ची, आणि गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर साधारण ५००० हर्ट्झनंतर झपाट्यानं उतरतो. म्हणजे या खाचा फिरतात त्या गिटारच्या अगदी गाभ्यात. घरी एकटे वाजवता तेव्हा खाच पडली तरी तिथे शिरणारं दुसरं कुणी नसतं, त्यामुळे कान त्या पोकळीचीच मजा घेतो. तालमीत ती पोकळी रिकामी राहत नाही. कीबोर्डचा डावा हात, गायकाचा आवाज, स्नेअर आणि झांजा तिथे लगेच येऊन बसतात. गिटार मग दर फेरीत एकदा तरी इतरांच्या खाली जाते. तुमची गिटार हरवली ती इथे. त्यात मित्राच्या पेडलचा दोष असेलच असं नाही.

दुसरी गोष्ट फीडबॅकची. काही पेडलांवर तिला रेझोनन्स म्हणतात. साखळीच्या शेवटचा थोडा सिग्नल परत सुरुवातीला दिला की खाचांच्या मधले उंचवटे टोकदार होतात. फेझर 'बोलायला' लागतो, वाव-वाव करतो. दुकानात पेडल वाजवून बघताना हाच आवाज सगळ्यांना भुरळ घालतो. पण टोकदार उंचवटा एखाद्या सुरावर आला की तो सूर उडी मारून पुढे येतो आणि शेजारचा सूर मागे पडतो. रिदमचे कॉर्ड सलग हवे असतील तिथे हे फार त्रासाचं होतं. जितक्या स्टेज जास्त आणि फीडबॅक जास्त, तितका फेझर एकट्यानं ऐकायला देखणा आणि बँडमध्ये सांभाळायला अवघड. अपवाद आहेत, त्यांच्याकडे येतेच.

आता तिघांकडे वळू.

फेज ९० हा १९७४ च्या सुमाराचा. अमेरिकेत रॉचेस्टरला एमएक्सआर सुरू झाली तेव्हाचा, आणि वर एकच नॉब: वेग. एडी व्हॅन हेलनच्या १९७८ च्या पहिल्या अल्बमपासून तो रॉकवाल्यांच्या तोंडी बसला. आत चार स्टेज, आणि प्रत्येकीत एक जेफेट ट्रान्झिस्टर बदलत्या रेझिस्टरचं काम करतो. मेख इथे आहे. हे चार जेफेट एकमेकांशी जुळणारे असावे लागतात, आणि जेफेट तर एकाच पाकिटातून काढले तरी वेगवेगळे निघतात. नीट जुळवले नसतील तर खाच उथळ पडते, फेरी लंगडते. म्हणून फेज ९० च्या नकला बाजारात ढीगभर असल्या तरी त्यांच्यात इतका फरक ऐकू येतो. एकाच नावाची दोन पेडलं शेजारी ठेवून मी कितीदा तरी वेगळी ऐकली आहेत. घ्यायचा असेल तर जो डबा हातात येणार आहे, नेमका तोच वाजवून बघा.

शिवाय फेज ९० म्हणताना कुठला, तेही ठरवायला लागतं. सुरुवातीच्या पेडलांवर नाव वळणदार अक्षरांत होतं, त्यांना स्क्रिप्ट म्हणतात. नंतरच्यांवर ठोकळ अक्षरं आली, त्यांना ब्लॉक. ब्लॉकमध्ये थोडा फीडबॅक घातला गेला. त्यामुळे तो मिड्स, म्हणजे मधल्या फ्रिक्वेन्सी, पुढे आणतो, जोरात वाजवलं की जरा कुरकुरतो. स्क्रिप्ट मऊ आणि उघडा. ओव्हरड्राइव्हवर सोलो वाजवणाऱ्याला ब्लॉकचा तो पुढे येणारा मिड उपयोगी पडतो. हाच वर म्हटलेला अपवाद. पण स्वच्छ आवाजात कॉर्ड वाजवायचे असतील तर मी स्क्रिप्टच घेईन. आणि दोन्ही लागत असतील तर एमएक्सआरचाच फेज ९५ बघा. छोटा डबा आहे, त्यात फेज ४५ आणि ९० मध्ये बदलायचं एक बटण आणि स्क्रिप्टचं दुसरं. त्यात बॅटरी बसत नाही, अडॅप्टर लागतोच, एवढं लक्षात ठेवा.

स्मॉल स्टोनही त्याच काळातला. तो डेव्हिड कॉकरेल यांनी केला. हे त्याआधी लंडनच्या ईएमएसमध्ये सिंथेसायझर घडवत होते, आणि ती सवय पेडलमध्ये दिसते. इथे जेफेटऐवजी ओटीए जातीच्या चिप आहेत, त्यामुळे जेफेट जुळवण्याची कटकट नाही. वर वेगाचा मोठा नॉब आणि 'कलर' नावाचा स्विच. स्विच बंद असला की फेरी मऊ, गोल. चालू केला की फीडबॅक वाढतो आणि आवाज दाट, ओला होतो. माझ्या कानाला स्वच्छ गिटारवर तिघांत सगळ्यांत सुंदर तोच, खास करून कॉर्डच्या तारा सुट्या छेडत वाजवल्या की. फ्रेंच संगीतकार जाँ-मिशेल जार यानं १९७६ मध्ये ऑर्गनवरचा स्ट्रिंग्जचा (व्हायोलिनच्या ताफ्यासारखा) आवाज याच पेडलमधून वाजवला होता. म्हणजे तुमच्या कीबोर्डवाल्यालाही तो उसना द्यायला हरकत नाही. मात्र कलर चालू ठेवून बँडमध्ये शिरलात तर तुमची आत्ताची तक्रार जशीच्या तशी परत येईल.

पीएच-३ डिजिटल आहे. त्यात ४, ८, १० किंवा १२ स्टेज निवडता येतात, वेग, खोली (डेप्थ) आणि रेझोनन्स वेगवेगळे लावता येतात. शिवाय फक्त चढत जाणारी, फक्त उतरत जाणारी आणि पायऱ्यांनी उड्या मारणारी अशाही फेऱ्या आहेत. टॅप टेम्पो आहे, म्हणजे पायानं ताल देऊन फेरीचा वेग गाण्याला जुळवता येतो. एका कार्यक्रमात वीस प्रकारची गाणी वाजवणाऱ्या माणसाला हे सोन्यासारखं आहे. त्याची अडचण माणसांकडून येते. १२ स्टेज दिसल्या की हात तिकडेच जातो. माझ्याकडे पीएच-३ घेऊन आलेल्यांना मी आधी चार स्टेजवर आणायला लावते, रेझोनन्सचा नॉब घड्याळातल्या नऊच्या जागेच्या खाली, आणि मग ऐकायला सांगते. बहुतेकांना पेडल बदलल्यासारखं वाटतं.

चौथं नाव तुम्ही घेतलं नाहीत, पण जुन्या गाण्यांसाठी ते सांगायला हवं: युनि-व्हाइब. जपानच्या शिन-एई कंपनीत फुमिओ मिएदा यांनी १९६० च्या दशकात घडवलेलं हे यंत्र. मधोमध लुकलुकणारा छोटा दिवा आणि त्याच्याभोवती प्रकाशानं रेझिस्टन्स बदलणारे चार सेल. यातही चारच स्टेज आहेत, पण प्रत्येकीचा कपॅसिटर मुद्दाम वेगळ्या किमतीचा. त्यामुळे खाचा नेटक्या पडत नाहीत. फेरी धडधडते, नाडीसारखी. हेंड्रिक्सनं १९६९ मध्ये वूडस्टॉकला तेच वापरलं. त्याच्या धर्तीवरची पेडलं आज पुष्कळ मिळतात. संथ गाण्यात मागे नुसती हालचाल हवी असेल, लक्ष वेधून घ्यायचं नसेल, तर मला हा आवाज नेहमीच्या फेझरपेक्षा जास्त आवडतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि यासाठी एक रुपयाही लागत नाही: फेझर ओव्हरड्राइव्हच्या आधी की नंतर?

नंतर ठेवला की ओव्हरड्राइव्हनं तयार केलेले सगळे हार्मोनिक्स फेझरच्या हाती लागतात. कापायला भरपूर माल मिळतो, म्हणून फेरी प्रचंड, जेट विमानासारखी ऐकू येते. आधी ठेवला की फेझर फक्त गिटारचा साधा सिग्नल कापतो, आणि पुढचा ओव्हरड्राइव्ह तो दाबून, भरून काढतो. खाचा बुजतात, आवाजाची पातळी सारखी राहते आणि फेरी आतून हलल्यासारखी ऐकू येते. बँडमध्ये जवळजवळ नेहमी दुसरी रचना निभावून नेते.

भावे नाट्यगृहात माझ्या एका विद्यार्थ्याचा कार्यक्रम होता. घरी त्यानं ओव्हरड्राइव्हनंतर फेझर लावून सोलो बसवला होता, आणि खरंच छान बसवला होता. मी बाल्कनीत होते. पहिल्या भागात त्याचा सोलो आला तेव्हा बोटं चाललेली दिसत होती आणि दर दोन-तीन सेकंदांनी सूर गायब होत होते. साउंडवाल्यानं फेडर वर नेला, तर मधले सूर कानात टोचायला लागले. मध्यंतरात मी खाली गेले. आम्ही दोन पॅच केबल उलटसुलट केल्या, फेझर पुढे आणला आणि वेग थोडा कमी केला. बाकी काहीही बदललं नाही. दुसऱ्या भागात एकेक सूर वरपर्यंत पोचला. त्या रात्री त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून वाटलं, ही एक गोष्ट मी त्याला आधीच सांगायला हवी होती. म्हणून तुम्हाला आत्ताच सांगतेय. मित्राचा फेझर अजून परत केला नसेल तर पुढच्या तालमीत आधी हे करून बघा.

वेगाचंही थोडं गणित आहे. गाणं ९० बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला ९० मात्रांचं, असेल तर एक मात्रा ०.६७ सेकंदाची, चार मात्रांचा बार २.६७ सेकंदांचा. एक फेरी एका बारमध्ये किंवा दोन बारमध्ये पूर्ण झाली तर ती गाण्याचा भाग वाटते. दीड बारमध्ये झाली तर ऐकणाऱ्याला कारण न कळता अस्वस्थ वाटतं. टॅप टेम्पो नसेल तर नॉबवर पांढऱ्या मार्करनं दोन-तीन खुणा करून ठेवा. स्टेजच्या अंधारात त्याच कामी येतात.

स्ट्रॅटबद्दलही एक. तिच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर दोन पिकअप (तारांचा आवाज पकडणारे भाग) एकत्र वाजतात, आणि तो आवाज मुळातच थोडा पोकळ असतो. त्यावर फेझर लावला की पोकळीत पोकळी. घरी गोड, बँडमध्ये फिका. तालमीत एकटा नेक पिकअप (गिटारच्या मानेजवळचा) लावून ऐका, आवाज भरून येतो.

कशाकशावर हे अवलंबून आहे तेही सांगते. बँडमध्ये दुसरा गिटारवाला असेल आणि तो सरळ कॉर्ड धरून असेल, तर तुम्ही खोल फेझर लावलात तरी चालेल, पोकळी त्याच्याकडून भरली जाईल. कीबोर्डवाला आधीच फिरता ऑर्गन वाजवत असेल तर दोन वेगवेगळ्या फेऱ्या एकमेकींत गुंततात, तेव्हा तुमचा बंद ठेवा. गाण्यांत रॉक जास्त असेल तर माझा कौल ब्लॉककडे झुकेल. पण तुम्ही जे लिहिलंय, म्हणजे मिश्र गाणी, एक ओव्हरड्राइव्ह, छोटा अ‍ॅम्प आणि एकाच पेडलचं बजेट, त्याला मी फेज ९५ सुचवेन. तो जमला नाही तर स्मॉल स्टोन, कलर बंद ठेवून. गाणी फार वेगवेगळ्या लयीची असतील आणि नॉब फिरवायची आवड असेल तर पीएच-३, चार स्टेजवर.

घेताना काय तपासायचं? वेग अगदी कमी करा, ई मेजरचा कॉर्ड छेडून घुमू द्या आणि एक पूर्ण फेरी ऐका. वर जायला आणि खाली यायला आवाज सलग सरकला पाहिजे. एका टोकाला तो बराच वेळ थबकला, किंवा तिथे फेझर बंद असल्यासारखा वाटला, तर बायस, म्हणजे आतल्या सर्किटला ठरवून दिलेलं व्होल्टेज, सरकलेला आहे. मी पूर्वी घेतलेला एक स्वस्त फेझर दुसऱ्याच पावसाळ्यात असा फिरायचा थांबला होता. आतला छोटा ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचा नॉब) पाव फेरा फिरवल्यावर पुन्हा चालू झाला. तसं करायची वेळ आली तर आधी ट्रिमरच्या मूळ जागेची खूण करा, मगच हात लावा. आपल्याकडे खाडीच्या दमट हवेत जॅक आणि पॉट (नॉबखालचा भाग) लवकर खरखरतात. ती खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरनं बहुधा जाते, त्यामुळे तेवढ्यासाठी चांगलं जुनं पेडल सोडू नका.

वीज ९ व्होल्टचीच द्या, मधली पिन निगेटिव्ह असलेली. १८ व्होल्ट देऊन आवाज सुधारतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. फेझरची आतली सगळी मांडणी ठरावीक व्होल्टेजवर बेतलेली असते. डिजिटल पेडल आणि बाकीची पेडलं एकाच अडॅप्टरवर माळेसारखी जोडली की शिट्टी किंवा घरघर यायची शक्यता वाढते, तेव्हा पीएच-३ घेतलात तर त्याला वेगळा अडॅप्टर ठेवा.

पुढच्या तालमीत एकच गाणं दोनदा वाजवा, एकदा फेझर ओव्हरड्राइव्हनंतर आणि एकदा आधी. मोबाइल अ‍ॅम्पजवळ न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला, ड्रमच्या बाजूला ठेवून रेकॉर्ड करा. मित्राच्या पेडलचं नाव आणि दोन्ही रेकॉर्डिंग पाठवलीत तर ऐकून नक्की काय घ्यायचं ते सांगेन.